सुनेच्या हातचं

आमच्या घरात एक सिनेमा झाला, भुताचा. भूत म्हणजे त्यात कुठे दिसत नाही. चंद्रपूरला एका लहान हॉलमध्ये तो दाखवला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा पदर तोंडावर घेतला. पडद्यावर तेव्हा एक म्हातारा जेवायला बसला होता, दुसरं काही नव्हतं. सून वाढते, म्हातारा आधी तिच्या ताटाकडे बघतो, मग आपल्या ताटाकडे, आणि घास हातातच राहतो.

तो म्हातारा म्हणजे मी आणि ती सून म्हणजे माझी सून, हे आता आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. पण सिनेमा बघून जो तो आपलं काहीतरी जोडू लागला. कोणी म्हणतं, सापाची गोष्ट सिनेमासाठी रचली. कोणी म्हणतं, सुनेला वाचवायला म्हाताऱ्याने साप शोधून आणला. म्हणून हे लिहायला घेतलं. साप खरा होता. मी त्याला माझ्या हाताने मारला होता आणि चार वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

सध्या मी घुग्घुसला मुलाकडे राहतो. मुलगा कोळशाच्या खाणीत पाळीवर जातो. इथे खिडकीत ठेवलेला तांब्या तासाभरात काळा होतो आणि ट्रक कधी थांबत नाहीत, पण मला बरं वाटतं. सकाळी बाहेर खुर्ची टाकून बसतो. जेवण वेळेवर मिळतं. सून रागावली तर तोंडावर रागावते, आणि मला तेच बरं वाटतं. पूर्वी ती रागावतच नसे.

आमचं गाव सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून. थोडी धानाची शेती. धान निघालं की मी झाडीपट्टीच्या नाटकांना जायचो. नट म्हणून नाही, प्रॉम्प्टर म्हणून. विंगेत बसून नटाला वाक्य द्यायचं. आमच्याकडचे नट आज या गावी, उद्या त्या गावी. तालमीला वेळ कुठला? कित्येकांनी नाटक एकदाच चाळलेलं असतं. विंगेतून जे कानावर येईल ते पुढच्या क्षणाला तोंडातून गेलं पाहिजे, तेही मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात. चांगला नट अर्थ मागाहून लावतो. एकदा मी विंगेत कोणाला तरी म्हणालो, "अबे, सतरंजी सरकव तिकडे." भर दरबारात महाराजांनी राणीकडे बोट केलं आणि गर्जना केली, "सतरंजी सरकव तिकडे!" राणी हुशार होती. तिने मुजरा केला आणि खरंच सरकवली. टाळ्या पडल्या.

असं लोकांना शब्द पुरवण्यात माझं आयुष्य गेलं. स्वतःला मात्र गरज पडली तेव्हा तोंडातून भलताच शब्द गेला. ते आधी सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. जंगलात वारुळांवर अळंबी उगवते, आमच्याकडे तिला सात्या म्हणतात. सून सकाळी शेजारणींबरोबर गेली आणि ओटीभर सात्या घेऊन आली. आमच्याकडे सात्यांचा वास सुटला की शेजारचा माणूस काहीतरी मागायच्या निमित्ताने येतो, इतकी त्यांची गोडी. त्या रात्री घरात आम्ही तिघंच होतो: मी, माझी बायको आणि सून. मुलगा घुग्घुसला. त्या आठवड्यात सासू-सुनेचं बोलणं बंद होतं. सुनेला नवऱ्याजवळ घुग्घुसला राहायला जायचं होतं, आणि बायको म्हणे, "मंग आमाले काय रानात सोडतं का?" तरी जेवायला तिघं एकत्रच बसलो. सात्या तिघांनी खाल्ल्या. बायकोने तर मागून घेतल्या, न बोलता, वाटी पुढे सरकवून.

झोपताना बायको म्हणाली, "आज बाज मले द्या. खाली ओल आली हाय." घरात बाज एकच होती. मी म्हणालो, "माही कंबर गेली हाय. उद्या घेजो." ती उठली. गोधडी पसरून धानाच्या पोत्यांजवळ झोपली.

पहाटे तिचं पोट दुखायला लागलं. ओकारी झाली. डोळे जड पडायला लागले. शेजाऱ्याच्या गाडीतून मी तिला दवाखान्यात नेलं, सून घरीच राहिली. डॉक्टर तरुण होता, पण नीट होता. त्याने विचारलं, रात्री काय खाल्लं? मी म्हणालो, सात्या. त्याने विचारलं, काही चावलं का? म्हणालो, नाही. मग त्याने विचारलं, "खाली झोपल्या होत्या का?"

मी म्हणालो, "नाई, बाजेवर."

हे का म्हणालो, याचा मी फार विचार केला आहे. मला सापाचा संशय नव्हता. डॉक्टर का विचारतोय तेही कळलं नव्हतं. फक्त लाज वाटली. बायको ओल्या जमिनीवर आणि नवरा बाजेवर, हे त्या परक्या पोरासमोर निघू नये, एवढंच. विंगेतून कोणी दिल्यासारखं ते वाक्य आलं. डॉक्टरने पोटावरचं औषध दिलं आणि चंद्रपूरला न्यायला सांगितलं. वाटेत मूल गावाच्या अलीकडेच ती गेली. चिरफाड नको म्हणून आम्ही तिला तसंच घरी आणलं.

तिसऱ्या दिवशी तिची गोधडी उन्हात टाकावी म्हणून मी उचलली. पोत्यांना टेकून गुंडाळून ठेवली होती. उलगडताना आतून मण्यार निघाला. काळा, अंगावर पांढरे बारीक पट्टे. मण्यार चावला तर कळत नाही, व्रण शोधूनही सापडत नाही, आणि माणसाचं पोट दुखतं, हे आमच्या भागातल्या कोणालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी काठीने त्याला मारला आणि बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पलीकडे पुरला. घरात कोणी नव्हतं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. ती खाली का झोपली, डॉक्टरला मी काय म्हणालो. म्हटलं, चार दिवसांनी सांगू. दुःख जरा ओसरू दे.

त्या चार दिवसांत गावाने आपलं ठरवून टाकलं. सात्या सुनेने आणल्या, सुनेने रांधल्या, सासूशी तिचं वाकडं होतं. तिघांनी खाल्लं आणि एकटी सासू गेली. म्हणजे तिच्याच ताटात वेगळं वाढलं. तोंडावर कोणी बोललं नाही. पण लग्नघरी सून भाजी चिरायला बसली की कोणीतरी गोड आवाजात म्हणे, "बाई, तू राहू दे, दमली असशीन." तेरवीला, बारशाला, कुठेही, तिचा हात भांड्याला लागू द्यायचे नाहीत. मुलगा सुट्टीला आला की आधी माझ्याकडे बघायचा, मी घास घेतला की मग तो घ्यायचा. त्याला स्वतःलाही ते कळत नसावं. मी मात्र रोज तिच्या हातचं पोटभर जेवत होतो. त्यात विष नाही हे मला एकट्यालाच पक्कं माहीत होतं.

आणि तिचं घुग्घुसला जाणं राहूनच गेलं. सासू गेली, आता सासऱ्याला कोण बघेल? ती राहिली. हसणं कमी झालं. पावसाळ्यात शेजारणी जंगलाकडे निघाल्या की ती दार लोटून घ्यायची.

गेल्या वर्षी धान कापून झालं आणि माझ्या बहिणीची नात चंद्रपूरहून आली. पुण्याला सिनेमा शिकलेली पोरगी. केस कापलेले, पायात बूट, पण जेवताना आमच्यासारखीच कढी भुरकून पिणारी. म्हणाली, "आबाजी, मले तुमचं घर पाह्यजे. सिनेमा करून राह्यली मी."

"कायचा?"

"भीतीचा. पण भूत नाई. घरातलं एक माणूस मरते, आन् बाकीचे एकमेकांवर भरवसा ठेवत नाई. तेच भूत."

आमचं घर बौद्ध. भूत, करणी असलं काही मानायचं नाही हे आम्ही लहानपणापासून शिकलो. सून आतून म्हणाली, "या बाई, आमच्या घरी तं तेवढंच बाकी होतं." आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. मी हो म्हणालो.

मग पोरीने लिहिलेला सिनेमा माझ्या हातात दिला. बोलणं सगळं शहरी होतं, ते आपल्या बोलीत बसवून द्या म्हणाली. मी वाचत गेलो. मरते ती सासू. सून अळंबी रांधते. म्हातारा सासरा जेवण सोडतो. आणि शेवटी सून आढ्यातली एक पुरचुंडी काढते. तिच्यात वाळवलेली विषारी अळंबी असते. ती पुरचुंडी नाकाशी धरते आणि हसते. तिथे सिनेमा संपतो.

मी पोरीला विचारलं, "हे तुले कुठं सुचलं?"

ती जरा चाचरली. "आजीनं सांगतलं होतं काही काही. पण हे तुमचं नाई, आबाजी. मी बदलवलं."

माझ्या बहिणीने आपल्या नातीला सांगितलं होतं. गल्लीतली कुजबूज चंद्रपूरला गेली, तिथून पुण्याला, आणि आता सिनेमा होऊन परत आमच्याच अंगणात आली होती. लोक बोलतात, विसरतात. पण सिनेमा राहतो. कोण कुठे बघेल आणि बघून म्हणेल, अशा असतात सुना. मला त्या पोरीला तिथेच सांगता आलं असतं. मी काय केलं? बसून सगळे संवाद झाडीबोलीत बसवून दिले. चांगले बसवले.

शूटिंगला सहा-सात जण आले. सगळ्यांचं जेवण सुनेनेच केलं. ही शहरातली मंडळी तिच्या हातचं हाताला लागेल तसं खायची, भाकरीवर भाकरी, आणि "ताई, अजून आहे का?" असं विचारायची. ती ओट्यावर उभी राहून बघत असायची. त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला आनंद व्हायचा आणि मान वर करवत नसे.

म्हाताऱ्याच्या कामाला आमच्या झाडीपट्टीतलाच एक जुना नट बोलावला होता. माझ्याच वयाचा, बापाच्या आणि खलनायकाच्या भूमिकांत मुरलेला. त्याने आधीच सांगून टाकलं, "पाठ होत नाई मले. भाऊले बसवा बाजूले." म्हणून कॅमेऱ्याच्या बाहेर, धानाच्या पोत्यांमागे, कागद घेऊन मी बसलो.

पहिल्या दिवशी त्याने "जेवत नाई मी" हे वाक्य असं म्हटलं की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

"काका, हळू," पोरगी म्हणाली.

"हळू बोललो तं मागच्या रांगेत कसं ऐकू जाईन?"

"मागे रांग नाही, काका. मागे गोठा आहे."

"मंग बैलानं काय पाप केलं?"

सगळे हसले. सून चहा घेऊन आली होती, ती तोंडाला पदर लावून आत पळाली. पोरगी मात्र चिकट. त्याच्याकडून हळू हळू करून घ्यायची, आणि चार-पाच वेळा केल्यावर कधीतरी त्याचा आवाज उतरायचा, तेव्हा अंगावर काटा यायचा. तिला काम कळत होतं. एका प्रसंगात तर काहीच बोलणं नव्हतं, फक्त चुलीवरच्या भांड्यावरचं झाकण काढण्याचा आवाज आणि म्हातारा दचकतो. ते बघून मला घाम फुटला.

मग तो दिवस आला. सासरा सुनेवर तोंडावर आळ घेतो तो प्रसंग. दुपार होती. शूटिंग बघायला कुडाच्या पलीकडे गल्लीतल्या बाया उभ्या होत्या, रोजच्यासारख्या. सुनेचं काम करणारी मुलगी ताट घेऊन उभी. माझी सून किटली घेऊन दारात. नटाने बोट रोखलं. आता त्याचं वाक्य होतं: "तूच मारलं माह्या बायकोले." मी द्यायचं होतं.

कागद हातात होता. वाक्य मीच लिहिलं होतं. तोंड उघडलं आणि ते येईना.

नट बोट रोखून उभा. घशातून "हूं" केलं, वाक्य मागायची ती त्याची खूण. पोरगी कॅमेऱ्याजवळून कुजबुजली, "आबाजी." दारातून माझ्या सुनेने मान वळवून माझ्याकडे बघितलं. हिला अख्ख्या गावाने खुनी ठरवलं, आणि आता माझा शब्द नटाच्या तोंडून तेच म्हणणार, असं माझ्या डोक्यात होतं.

मी हळूच म्हणालो, "साप होता."

नटाने ते ऐकलं, छाती भरून घेतली आणि गरजला, "साप होता!"

थांबायला हवं होतं. पण त्याचं बोट तसंच रोखलेलं, पुढचं मागतंय. आणि माझ्याने थांबवेना. मी म्हणालो, "मण्यार होता. गोधडीत होता."

"मण्यार होता! गोधडीत होता!"

"मीच मारला थ्याले. कोणाले सांगतलं नाई."

"मीच मारला थ्याले!" त्याने छातीवर मूठ आपटली. "कोणाले..."

इथे तो थांबला. बोट खाली आलं. त्याने वळून पोत्यांमागे माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत विंगेतून दिलेलं वाक्य त्याने गिळलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. अर्थ त्याला नेहमीसारखा मागाहून लागला होता.

कुडापलीकडून आमची म्हातारी शेजारीण म्हणाली, "काय म्हणे? मण्यार? कोनाच्या गोधडीत?"

सुनेने किटली खाली ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"खरं हाय, मामाजी?"

"हो."

"डॉक्टरनं विचारलं नाई का, खाली झोपल्या होत्या का म्हणून?"

"विचारलं."

"मंग?"

"मी बाजेवर म्हणालो."

तिने डोळे मिटले, उघडले. मग किटली उचलली आणि सगळ्यांना चहा दिला. नटाला, पोरीला, कॅमेरावाल्याला, कुडापलीकडच्या शेजारणीलासुद्धा. मला दिला नाही.

त्या रात्री तिने मुलाला फोन करून बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर आला, अंगावर खाणीची धूळ तशीच. सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याने एकच विचारलं, "आई खाली काऊन झोपली होती?"

"बाज माह्याकडे होती," मी म्हणालो.

तो उठून अंगणात गेला. बराच वेळ गाडीपाशी उभा होता. मग आत आला, बायकोजवळ बसला आणि म्हणाला, "मले वाढ." ती म्हणाली, "मामाजीनं अजून घास घेतला नाई ना." त्याला ते लागलं. तिला माहीत होतं तर सगळं, तो माझ्याकडे बघून घास घ्यायचा तेही. मान खाली घालून तो जेवला, आणि जेवताना रडला.

चार-पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट यायचं, शब्द यायचा नाही. मग एका सकाळी म्हणाली, "मले मालूम होतं सिनेमात काय हाय थे. थ्या पोरीनं मले विचारलं होतं, ताई, विष वाढताना हात कसा धरन?"

"मंग तू काय सांगतलं?"

"दाखवला धरून. नेहमीसारखाच धरन म्हटलं, अजून कसा?" मग म्हणाली, "मामाजी, थे जे बोलले थे नट बोलले. गावातले अर्धे लोक म्हणून राह्यले का नाटकातलं होतं. मले तुमच्या तोंडून पाह्यजे."

मग मी निघालो. घरोघरी. लोकांना शब्द देणाऱ्या माणसाला स्वतःचं बोलता येत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. पहिल्या घरी मी पाऊसपाण्याचं बोलून परत आलो. दुसऱ्या घरी सांगितलं. मग जमत गेलं. कोणी शिव्या दिल्या, कोणी चहा दिला. म्हाताऱ्या शेजारणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले तं पहिल्याच दिवशी वाटलं होतं का मण्यारच." पुढच्या आठवड्यात तिच्या नातवाचं बारसं होतं. तिने सुनेला हाक मारून बोलावलं आणि तिच्यापुढे वांग्यांची टोपली ठेवली.

पोरीचा सिनेमा अडून राहिला होता. तिला रडू आलं, राग आला, मग एके दिवशी म्हणाली, "आबाजी, मी शेवट बदलवू? साप घेऊ?" मी म्हणालो, मला विचारू नको, तिला विचार. सुनेने ऐकून घेतलं. "घे. पण सुनेले शेवटी हासू नको देऊ. अन् रडू बी नको देऊ. आपलं काम करू दे तिले." तसंच केलं तिने. आता शेवटी म्हातारा बोडीजवळ माती उकरतो, आणि मागे घरात सून भांडी घासत असते. साप नीट दिसतही नाही. पण हॉलमध्ये लोकांचा श्वास अडकला तो तिथेच. मी अंधारात बसून स्वतःला माती उकरताना बघत होतो. शेजारी सून शेंगदाणे खात होती. माझ्याकडे वाकून म्हणाली, "तुमच्यापेक्षा देखणा घेतला थिनं."

सिनेमा चांगला आहे, हे मी सांगतो. भीती त्यात खरी आहे. पण ज्यांना वाटतं साप सिनेमाने आणला, त्यांनी हे लक्षात घ्यावं की सिनेमाने शेवट आमच्याकडून घेतला, आम्ही सिनेमाकडून नाही.

एक राहिलं. ते हॉलच्या आधीचं आहे, पण मुद्दाम मागे ठेवलं होतं. गावात सगळीकडे सांगून झालं तेव्हा मी सुनेला म्हणालो, "आता झालं ना, बाई?" ती म्हणाली, "माही माय राह्यली."

तिचं माहेर कोरपन्याकडे. तिकडेही ती कुजबूज पोचली होती. तिची आई विहिरीवर गेली की बाया बाजूला सरकायच्या. गेली चार वर्षं सून माहेरी राहायला गेली नव्हती, सणाला जाऊन संध्याकाळी परत यायची. आम्ही तिघं गेलो. मुलगा, सून आणि मी. कापूस वेचणीचे दिवस होते. ओसरीवर कापसाचा ढीग, आणि विहीणबाई त्यातला कचरा काढत बसलेल्या. म्हाताऱ्या झालेल्या, कानाने कमी. मला बघून डोक्यावर पदर घेतला. पाणी दिलं. त्यांनी हातात दिलेलं पाणी मी प्यालो आणि मग सांगितलं.

"काय म्हणता, इवाई?" त्या म्हणाल्या. "जोरानं बोला."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हात कानाला लावला. मुलगा पुढे झाला. "मी सांगू का, आत्याबाई?"

"नाई," सून म्हणाली. "थेच सांगतीन."

मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं. मण्यार होता. मी मारला. मी लपवलं. डॉक्टरशी खोटं बोललो. तुमच्या पोरीचा काही दोष नव्हता. मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं. तसा आवाज मला काढता येतो हे मला माहीतच नव्हतं.

विहीणबाईंनी कापसात हात घातला. बोंडाला चिकटलेलं वाळलं पान काढून बाजूला टाकलं. "चार वर्ष काऊन लागले, इवाई?"

"लाजेनं," मी म्हणालो.

"कोनाची लाज?"

"माहीच."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, अंगावरचा कापूस झटकला आणि मुलीला म्हणाल्या, "जा, चुलीपाशी बस. आज तूच रांध." सून आत गेली. विहीणबाई सावकाश चालत अंगणाच्या कुडापाशी गेल्या आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "ये वं! बाहेर ये. माह्या पोरीचे सासरे आले हाय. काय म्हणते थे ऐक."

मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागे कुडाकडे गेलो.